चावी कोणाच्या हातात होती

प्रिय बारके,

एकाच शहरात राहून तुला पत्र लिहितेय म्हणून हसशील. हस बापडी. मला दुसरा मार्ग सुचला नाही. फोन करावा तर दिवसभर फोनवर बोलून माझे कान इतके किटलेले असतात की घरी रिंग वाजली तरी मी दचकते. शिवाय तुझ्याशी फोनवर बोलणं म्हणजे तू बोलणार आणि मी हुंकार भरणार. घरी यावं तर आई समोरच्या खुर्चीत बसलेली. तिला ऐकू कमी येतं, पण जे ऐकू जाऊ नये ते नेमकं ऐकू जातं. म्हणून कागद घेतला. शेवटपर्यंत वाच. मध्येच घडी घालून डब्याखाली सरकवू नकोस, तुझी सवय मला ठाऊक आहे.

आमच्या तक्रार कक्षाचं काय सांगू! मोठी पाइपलाइन फुटल्यापासून आम्हाला पाणी प्यायलाही फुरसत नाही. हे म्हणायचीसुद्धा चोरी आहे, कारण ज्यांचे फोन येतात त्यांच्याकडे पाणीच नसतं. एक गृहस्थ रोज फोन करून अवाक्षर बोलत नाहीत. नुसता नळ सोडतात आणि त्यातली सूं सूं हवा मला ऐकवतात. एका बाईंनी विचारलं, आज आंघोळ केलीस का, खरं सांग. मी म्हटलं, नाही केली. त्यावर म्हणाल्या, मग बरी आहेस, लिहून घे माझी तक्रार. एकाने बाटलीभर तांबडं पाणी आणून आमच्या साहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, प्या. साहेबांनी बाटलीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि मीटिंगला निघून गेले. मी लोकांना दोष देत नाही. लहान मूल घरात असलं आणि हंडा रिकामा असला की कोणाच्याही तोंडाचा तोल जाईल. आपल्या आजोबांच्याही आधीची ती लाइन. आतून गंजून चाळणी झालेली. ठिगळ लावावं तर हातभर पुढे फुटते. खात्यात हे शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना माहीत आहे आणि आपली नोकरी संपेपर्यंत ती टिको म्हणून सगळे देव पाण्यात घालून बसले आहेत.

लोकांना मात्र पाइप दिसत नाही, तो जमिनीत असतो. त्यांना माणूस दिसतो. तुमच्या भागात पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याचं सध्या काय चाललंय ते तुझ्या कानावर असेलच. निलंबित झालाय. उद्या चौकशीची शेवटची सुनावणी आहे आणि निकाल काय लागणार ते आमच्या कॅन्टीनवाल्यालाही माहीत आहे. नोकरी जाणार, वर पोलीस केस होणार. दुरुस्तीनंतर रिकाम्या पाइपात एकदम पाणी सोडलं गेलं, त्या दणक्याने पाइप खाली उतारावर पुन्हा फुटला, रस्ता खचला आणि तळघरातल्या इस्त्रीवाल्या बाईंच्या अंगावर दुकानाची भिंत आली. त्यांचा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. एका माणसाच्या बेफिकिरीने हे झालं असं पेपरात आलं, त्याच्या फोटोसकट भिंतींवर लागलं, आणि मुख्य म्हणजे त्यानेही ते कबूल केलं. चौकशीत त्याचं एकच म्हणणं आहे, चावी मीच फिरवली.

मला तो माणूस कधीच आवडला नाही. हे आधी सांगून टाकते, नाहीतर मी त्याची वकिली करतेय असं वाटेल तुला. भारी तिरसट आहे. कोणी गोड बोलून विचारलं, पाणी कधी येणार, तर म्हणतो, आल्यावर कळेल. आमच्या कक्षात आला की खुर्ची रुमालाने झटकून बसतो, जणू आम्ही तिथे दिवसभर चिखल कालवत असतो. ती पुरुषभर उंचीची लोखंडी चावी खांद्यावर टाकून फिरतो आणि कोणाला बोट लावू देत नाही. हाताखाली दिलेल्या माणसालासुद्धा नाही, त्याने फक्त झाकण उचलायचं. पण एक गोष्ट मान्य करावी लागेल. रिकामा पाइप भरताना तो चावी थोडी फिरवतो, थांबतो, आतली हवा निघून जाऊ देतो, मग पुन्हा थोडी फिरवतो. यात त्याची काही विशेष अक्कल आहे असं नाही, खात्यातल्या प्रत्येक चावीवाल्याला हे पहिल्याच दिवशी शिकवतात. अख्खा दिवस जातो त्यात. त्या दिवशी त्याला तेवढा वेळ द्यायला तुमच्या भागात कोणीही तयार नव्हतं. पाणी पाइपापर्यंत आलंय आणि हा मुद्दाम अडवून बसलाय, एवढंच लोकांना दिसत होतं.

परवा मी त्याच्या घरी गेले. दारावर कोणीतरी बादलीभर गाळ फेकला होता, तो वाळून पोपडे धरले होते. शेजाऱ्यांनी बोलणं टाकलंय. त्याची बायको तीन गल्ल्या सोडून पाणी आणते, कारण जवळच्या टँकरवर बायका तिला रांगेत उभ्या राहू देत नाहीत. त्याने दार अर्धंच उघडलं. मला वाटलं होतं, मी आलेय म्हटल्यावर थोडा विरघळेल. कसला विरघळतोय! म्हणाला, बाई, तुम्ही फोन उचला, माझं मी बघतो. आणि तोंडावर दार लावलं. त्याची बायको मागच्या दाराने धावत माझ्यामागे आली. तिने माझा हात धरला आणि नुसती उभी राहिली. मला तिच्याकडे बघवेना.

तू म्हणशील, ताई, हे सगळं मला का ऐकवतेस? जरा धीर धर. मला आता मेहुण्यांबद्दल, तुझ्या नवऱ्याबद्दल बोलायचंय.

माझ्यावर त्यांचे किती उपकार आहेत हे तुला मी सांगायला नको. आमचे हे शेवटच्या दुखण्यात अंथरुणाला खिळले तेव्हा दवाखान्याच्या फेऱ्यांनी माझा जीव मेटाकुटीला आला होता. मेहुणे एका सकाळी आपल्या ड्रायव्हिंग स्कूलची गाडी घेऊन दारात उभे राहिले आणि म्हणाले, चला ताई, शिकायचं. मी इतकी भित्री की समोरून सायकल आली तरी डोळे मिटायची. वळणावर घाबरून स्टिअरिंग आवळून धरलं की ते शांतपणे हात पुढे करायचे, सोडा ताई, सोडा, म्हणत ते माझ्या हातातून काढून घ्यायचे आणि गाडी अलगद वळवायचे. एकदाही आवाज चढवला नाही. त्यांच्या गाडीत दोन्ही बाजूंना ब्रेक असतो, त्यामुळे त्यांना कशाची भीतीच वाटत नाही, असं मी तेव्हा चेष्टेने म्हणायचे. आता पाण्यावाचून दिवस काढले तेव्हाही त्यांनी शिकवण्या बंद ठेवून सगळ्या गाड्यांत कॅन भरले आणि वरच्या मजल्यांवरच्या म्हाताऱ्यांना स्वतः नेऊन दिले. पेपरात त्यांचा फोटो आला तेव्हा मी कक्षात सगळ्यांना दाखवला, हे माझे मेहुणे म्हणून. अजूनही कोणी विचारलं तर अभिमानानेच सांगेन.

पण बारके, आईच्या वाढदिवसाला आपण जेवायला बसलो तेव्हा त्यांच्या दोन्ही तळहातांना पट्ट्या होत्या. तू घाईघाईने म्हणालीस, टायर बदलताना सोलवटले. आई म्हणाली, इतकी वर्षं गाड्या चालवताय, आजवर कधी टायरने हात सोलले नाहीत ते! ते ताटात बघत राहिले. तू मीठ आणायला उठलीस. मीठ टेबलावरच होतं गं, माझ्या वाटीशेजारी. तू इस्त्रीवाल्या बाईंना रोज डबा पोचवतेस हेही मला दवाखान्यातल्या नर्सकडून कळलं, तुझ्याकडून नाही. एरवी शेजारणीला वाटीभर साखर दिलीस तरी मला फोन करून सांगतेस.

मला हे पट्ट्या दिसण्याआधीच माहीत होतं. त्या दिवशी दुपारी चावीवाल्याने मला फोन केला होता. म्हणाला, इथे लोक अंगावर येतायत, पोलीस पाठवा. मी म्हटलं, थांबा, लावते. पोलिसांना दुसऱ्या फोनवरून सांगितलं आणि परत आले तर त्याचा फोन चालूच होता, बहुधा त्याने तसाच खिशात टाकला असावा. मला सगळं ऐकू आलं. आधी गलका. मग त्याचा आवाज, हात लावू नका, हात लावू नका. आणि मग एक दुसरा आवाज, अगदी शांत, समजूत काढणारा, सोडा काका, सोडा, मी करतो. तो आवाज मला ओळखू येणार नाही का? त्या आवाजाने मला गाडी शिकवली. पुढे लोखंड करकरत राहिलं, कितीतरी वेळ, आणि दर फेऱ्याला लोक टाळ्या वाजवत होते. तो ओरडत होता, हवा आहे आत, हवा आहे. त्याचं कोणी ऐकलं नाही. मग नळांना पाणी आलं असावं, कारण असा जल्लोष झाला की मी कानावरचा हेडफोन काढून ठेवला. थोड्याच वेळात उतारावरून पहिली तक्रार आली.

मग तो खरं का सांगत नाही? मीही हाच विचार करत होते. आमच्या एका जुन्या माणसाने सांगितलं तेव्हा उलगडलं. चावीवाल्यांमध्ये चावी चुकीची फिरली तर ती चूक समजतात, माणूस आहे, होते. पण चावी हातातून गेली तर त्याला चावीवाला म्हणतच नाहीत. म्हणून हा हेकेखोर माणूस न केलेला गुन्हा अंगावर घेऊन बसलाय. जी गोष्ट त्याला शरमेची वाटते ती जगाला कळण्यापेक्षा त्याला तुरुंग परवडतो. आणि बाकीचे? टाळ्या तर सगळ्या गल्लीने वाजवल्या होत्या. आज विचारा, कोणी तिथे नव्हतंच. आमच्या साहेबांनाही हेच सोयीचं आहे. एक माणूस दोषी ठरला की पाइप किती जुना होता हे कोणी विचारत नाही.

मेहुण्यांनी हे वाईट हेतूने केलं असं मी मेले तरी म्हणणार नाही. त्यांना वाटलं, हा म्हातारा घाबरलाय, आपण हातात घ्यावं. आयुष्यभर ते हेच करत आले आणि आयुष्यभर लोकांचं त्याने भलंच झालं. पण इतके दिवस ते गप्प आहेत, तू गप्प आहेस, आणि मीही गप्प आहे. मला भीती वाटते गं. आई तुझ्याकडे असते, माझ्या आजारपणात तूच धावून येतेस, तुम्हा दोघांशिवाय मला आहे कोण? रोज कामावर जाताना ठरवते की आज साहेबांना सांगायचं, आणि रोज आल्यावर चहा ओतून घेते आणि फोन उचलते. चावीवाल्याच्या बायकोने माझा हात धरल्यापासून मात्र मला माझाच हात परका वाटायला लागलाय.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते लिहिते. उद्याच्या सुनावणीत मी साक्ष देणार आहे. आजच नाव दिलं. काय ऐकलं ते सांगणार, कोणाचा आवाज होता ते सांगणार, आणि त्या पाइपाबद्दल खात्याला काय माहीत होतं तेही सांगणार, मग माझ्या नोकरीचं काहीही होवो. हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून हे पाकीट मी स्वतः तुमच्या पेटीत टाकून जातेय. वर येणार नाही, आलेच तर तुझा चेहरा बघून पाकीट तसंच परत घेऊन जाईन. साक्षीदारांत माझा नंबर सगळ्यात शेवटी आहे, तो मीच मागून घेतलाय. माझ्याआधी जर मेहुणे स्वतः येऊन उभे राहिले आणि बोलले, तर मला त्यांचं नाव घ्यावं लागणार नाही. तू मला माफ करावंस असं मी म्हणत नाही, ते तुझं तू बघ. फक्त हे पत्र आज रात्री त्यांना वाचायला दे. सुनावणीची खोली दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून आहे, आणि माझं नाव पुकारेपर्यंत मी दाराकडे तोंड करून बसणार आहे.

तू नको म्हणालीस तरी तुझीच,
ताई