काटा कुठे होता?

४ फेब्रुवारी, मंगळवार

नेली! एकटीने नेली! बावीस किलोमीटर, त्यातला नऊ किलोमीटरचा चढ. मागे एकशेऐंशी धुतलेल्या चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे झगे — आणि पुढे मी, स्टिअरिंगला घोरपडीसारखी चिकटलेली. आठच्या आत पोचायचं असतं, मी पावणेआठलाच हॉस्पिटलच्या मागच्या दारात हजर. मेट्रन बाहेर आल्या. "आज तुम्ही? पिकअपवाले कुठे?" म्हटलं, घरी झोपलेत, पंधरा दिवसांपूर्वी हृदयात स्टेंट बसवलाय. दोन महिने स्टिअरिंगला हात लावायचा नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलंय. इतके दिवस भाड्याचा ड्रायव्हर येत होता, तो गेला. आता मीच.

घरी आले तर ह्यांचा पहिला प्रश्न — "काटा कुठे होता?"

मी कशी आहे, ते नाही. काटा! इंजिन किती तापलंय ते दाखवणारा. मला काही आठवेना. रस्त्यावरून नजर हलवायची छाती होती कुणाची? "मध्यावर होता," असं ठोकून दिलं. ह्यांनी उशीवर मान टाकली. दोघांनाही बरं वाटलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज काटा पाहिला आणि पाचावर धारण बसली.

खाली निळी रेघ, वर लाल रेघ. सपाटीला काटा बरोबर मध्ये. चढ लागला तसा हळूहळू वर. एक बोटभर गेला की माझा पाय ब्रेकवर! गाडी बाजूला, इंजिन बंद, मी दोन्ही हात मांडीवर घेऊन बसलेली. काटा उतरेपर्यंत थांबायचं, पुन्हा निघायचं. असं चार वेळा. मागून येणारे हॉर्न वाजवून माझा उद्धार करून गेले.

आठ वाजून बारा मिनिटं. मेट्रन घड्याळ बघत दारात उभ्या. दुपारी लॉन्ड्रीच्या मालकांचा फोन — "वहिनी, आजचं सोडून दिलं. पण ऑपरेशनं चादरींसाठी थांबत नाहीत. पुन्हा उशीर झाला तर मला दुसरी गाडी बघावी लागेल." आवाज चढवला नाही. म्हणूनच जास्त लागलं. अकरा वर्षं ह्यांनी हे काम सांभाळलं, आणि मी दुसऱ्याच दिवशी घालवायला निघाले!

ह्यांना सांगितलं नाही. रक्तदाब वाढायचा.

८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळची खेप टाकून तशीच मिस्त्रीकडे गेले. ह्यांचा जुना दोस्त. गॅरेज म्हणजे एक पत्रा, एक खड्डा आणि तेलाने काळी झालेली खुर्ची. ती त्याने माझ्यासाठी फडक्याने पुसली, त्यामुळे आणखी काळी झाली.

सगळं ऐकून खो खो हसला. "दर वेळी इंजिन बंद करता? वहिनी, पळत आलेल्या माणसाला दारातच आडवं पाडता का? जरा उभं राहू द्या, दम घेऊ द्या." म्हणजे तापलं तरी लगेच बंद नाही करायचं, दोन-तीन मिनिटं नुसतं चालू ठेवायचं. पाणी फिरत राहतं. तेच इंजिनाला निववतं.

आणि बोटभर वर गेला तर घाबरायचं कारणच नाही! चढ आहे, ओझं आहे, जाणारच. सपाटीला परत मध्यावर येतो ना? मग झालं. त्याहून वर सरकला तर एसी बंद, हीटर चालू — इंजिनाची ऊब आत ओढून घेतो म्हणे. "तुम्ही भाजून निघाल, पण इंजिन वाचेल." फक्त लाल रेघेला टेकला तर बाजूला घ्यायची. आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण? मिस्त्रीने बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत गुळगुळीत गुलाबी डाग.

जीव भांड्यात पडला. येताना रस्ता निम्मा झाल्यासारखा वाटला.

१० फेब्रुवारी, सोमवार

मध्यावर. चढाला बोटभर. सात सत्तेचाळीस. हुश्श!

१७ फेब्रुवारी, सोमवार

हे आता खिडकीत बसून परीक्षा घेतात. "तिसऱ्या वळणावर काटा कुठे? दुसरा गिअर कुठे टाकलास? मग कुठे?" मी उभ्या उभ्या उत्तरं देते, चप्पलसुद्धा काढलेली नसते. शेवटी एकच पालुपद — "वर गेला तर थांब. खाली आला तर बिनघोर जा." सव्वीस वर्षांचा अनुभव दोन वाक्यांत घोटून मला पाजतात.

नणंद दोन दिवस राहायला आली होती. तिने नाक मुरडलं. "वहिनी, या वयात पिकअप?" म्हटलं, वय पन्नासच आहे हो वन्सं, गाडीचं सोळा आहे, तिला विचारा.

आज एक गोष्ट इथेच लिहून ठेवते, बाहेर बोलायची नाही. मला आवडायला लागलंय. पहाटे काच खाली करून चढ चढताना इंजिनाचा तो घुमणारा आवाज — त्यात मी गाणं म्हणते. मोठ्याने. सुराबिराचं नाव नको.

२६ फेब्रुवारी, बुधवार

हे आज अंगणात चाळीस फेऱ्या घालून आले. चेहऱ्यावर रंग आलाय. आनंद झाला — खरंच झाला. मग घाम पुसत म्हणाले, "महिनाभराची बात. मग तू सुटलीस."

मला कुणी विचारलं होतं, सुटायचंय का म्हणून?

दिवसभर चिडचिड. वरणाला फोडणी देताना करपवली, आणि ओरडले ह्यांच्यावर.

११ मार्च, मंगळवार

आजचं सगळं लिहून ठेवायचं आहे.

सकाळी बाकी सगळं रोजचंच. ओझं जरा जास्त, दोनशे चादरी. चढ लागला, काटा बोटभर वर. मग दीड बोट. मग दोन! एसी नव्हताच, हीटर चालू केला. गरम झोत तोंडावर, घाम डोळ्यांत. चौथं वळण गेलं आणि बघते तर काटा खाली यायला लागला. भराभर! मध्यावर, मध्याच्या खाली, थेट निळ्या रेघेपाशी. अशी खूश झाले! जमलं मला, म्हटलं. गाणंही सुरू केलं.

दुसऱ्या ओळीलाच हाताला गार लागलं. हीटरचा वारा. भट्टीसारखा होता तो एकाएकी गार कसा? बटण पाहिलं, चालूच. आणि एक गोडूस वास, पाक लागल्यासारखा. नऊ किलोमीटरचा चढ, दोनशे चादरी, दुसरा गिअर — आणि इंजिन थंडगार? असं कसं होईल?

वळणावर जागा होती तिथे थांबले. ह्यांना फोन लावला. सात एकवीस.

"खाली आलाय? मग चांगलंच की! निघ."

"अहो, पण हीटर गार वारा देतोय."

"जुना आहे तो हीटर. तू निघ. पुन्हा उशीर झाला तर काम जाईल हातचं." (म्हणजे त्या दिवसाच्या उशिराचं ह्यांना माहीत होतं तर! मालकांनीच सांगितलं असणार.)

"वास येतोय कसला तरी."

"अगं, मी सव्वीस वर्षं चालवतोय! काटा खाली आहे ना? निघ म्हणतो ना!"

त्यांचा श्वास फोनवर ऐकू येत होता. त्यांना त्रास होईल, काम जाईल, सगळं माझ्यामुळे — सगळं एकदम डोक्यात. आणि तरी तोंडातून निघालं, "नाही निघत मी." अठ्ठावीस वर्षांच्या संसारात इतकं सरळ 'नाही' मी त्यांना कधी म्हटलं नव्हतं. फोन ठेवला, किल्ली फिरवली, इंजिन बंद केलं.

मग मेट्रनना फोन. वाटलं, आता बोलणी बसणार. त्या एवढंच म्हणाल्या, "कुठल्या वळणावर?" दहा मिनिटांत वरून रिकामी अँब्युलन्स खाली आली. ड्रायव्हर, वॉर्डबॉय आणि मी, तिघांनी गठ्ठे हलवले. आठला पाच कमी असताना चादरी वर पोचल्या! मी रस्त्याच्या कडेला दगडावर बसले आणि ढसाढसा रडले. दुःखाने नाही. सुटल्यासारखं वाटून.

मिस्त्री दहाला मोटरसायकलवर आला. बॉनेट उघडून आत वाकला. खालचा रबरी पाइप वीतभर फाटलेला. रेडिएटरमध्ये घोटभर पाणी नाही; तो गोडूस वास त्यातल्या कूलंटचा.

"वहिनी, काटा पाण्याची गरमी सांगतो, इंजिनाची नाही. पाणीच संपलं तर तो सांगणार काय, आणि हीटर तापणार कशावर? काटा उघडा पडतो आणि खाली येऊन बसतो. लोक बघतात, खूश होतात, दामटतात. असली चार इंजिनं उघडलीत मी." मग म्हणाला, "आज लगेच बंद केलंत ते अगदी बरोबर. पाणी नसेल तेव्हा दम द्यायचा नसतो. अजून दोन किलोमीटर गेला असतात तर इंजिन बसलं असतं."

पुढच्या दोन किलोमीटरवर एका बाजूला दरी आहे, हे त्याने बोलून दाखवलं नाही.

१२ मार्च, बुधवार

नवा पाइप घातला. गाडी ठीक. काम ठीक. मालकांचा फोन — नीट पोचलं, एवढंच.

घरात मात्र अळीमिळी. मिस्त्रीने काल ह्यांना सगळं सांगितलंय. हे बोलत नाहीत, खिडकीत बसत नाहीत, काटाही विचारला नाही. औषधाची गोळी दिली तर हात पुढे केला, नजर नाही. मी मनात म्हटलं, रुसलेत. ऐकलं नाही ना त्यांचं!

संध्याकाळी चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. चहा निवेपर्यंत उभे.

"मी असतो तर गेलो असतो पुढे," म्हणाले.

आणि कप ओट्यावर ठेवून बाहेर गेले.

२० मार्च, गुरुवार

आज ह्यांची दोन महिन्यांची तपासणी. मी खेपेवर, म्हणून शेजाऱ्यांच्या गाडीतून एकटेच गेले. सगळा चढभर जीव टांगणीला. काटा मध्यावर, मी कुठल्या कुठे! आजच डॉक्टर 'चालवा' म्हणणार. उद्यापासून मी घरात. फोडण्या देत.

परत आले तर हे पेपर वाचत होते.

"काय म्हणाले?"

"अजून महिनाभर थांबा म्हणाले."

मला सुटल्यासारखं वाटलं. लिहिलं एकदाचं! नवरा पूर्ण बरा झाला नाही, आणि बायकोला हायसं वाटलं. कसली बाई आहे मी? देवासमोर उभी राहिले तर काय मागावं तेच कळेना.

ह्यांना आवडतं तसं लसणाचं वरण केलं. निमूट जेवले. मान वर केली असती तर माझ्या चेहऱ्यावर सगळं वाचलं असतं.

५ एप्रिल, शनिवार

आता निघायच्या आधी मीच बॉनेट उघडते. पाणी बघते, पाइप चाचपते. हे दारात उभे असतात. पुढे येत नाहीत. सांगतही नाहीत काही.

वजन तीन किलो उतरलंय ह्यांचं. जिन्याला धाप लागत नाही. मी रोज बघते आणि रोज मनाला विचारते — तपासणीच्या दिवशी तुला काय हवंय, बाई? आज ठरवलं. ह्यांनी चालवावी. त्यांची गाडी, त्यांचं काम. मी हसतमुखाने किल्ली देईन. ठरवलं आणि मोकळं वाटलं. थोडंसं.

१७ एप्रिल, गुरुवार

आज लॉन्ड्री बंद, म्हणून तपासणीला मीच नेलं. हे आत कार्डिओग्राम काढत होते तेव्हा छातीवर दगड ठेवून डॉक्टरांना विचारलं, "आता गाडी चालवायला परवानगी द्याल ना ह्यांना?"

डॉक्टर कागद चाळत म्हणाले, "ती मी मार्चमध्येच दिली होती की. तेच म्हणाले, मला नको डॉक्टर. आमच्या गाडीला ड्रायव्हर आहे."

हे शर्टाची बटणं लावत बाहेर आले. पार्किंगमध्ये गाडीपाशी आलो, तर हे माझ्या आधी शेजारच्या सीटच्या दाराशी जाऊन उभे.