टेकाडातलं भगदाड

प्रिय फिदेलिना,

मेरिदाला गेल्यापासून तुझा एकच निरोप आला, तोही हॉटेलच्या स्वयंपाकघरात मरणाचं काम आहे म्हणून. असू दे. इथे माझ्या जिवाला घोर लागलाय आणि ज्यांच्यापायी लागलाय ते मजेत आहेत. फोनवर बोलले तर तुझे बाबा ऐकतील, म्हणून लिहितेय.

शेत जाळताना बाबा शीळ घालून वाऱ्याला बोलावतात, तुला ठाऊक आहे. यंदाही रानाच्या धन्यांपुढे मक्याचं पाणी ठेवलं, काडी लावली, शीळ घातली. वारा आला. पण हे थांबतील तर शपथ! शेजारच्या शेतातून सेवेरोकाका ओरडतायत, "अरे निकानोर, पुरे! वाऱ्याला काय सहकुटुंब जेवायला बोलावतोयस?" व्हायचं तेच झालं. आग अडवायला साफ केलेला पट्टा ओलांडून ती मागच्या टेकाडावर चढली, झाडोरा जळाला आणि खालून पायऱ्या निघाल्या. टेकाड कसलं, अख्खं देऊळ, आपल्या पूर्वजांचं! वरच्या अंगाला माणूस वाकून शिरेल एवढं भगदाड.

माझे हात आपसूक जोडले गेले. बाबांचा चेहरा मात्र खर्रकन उतरला. सेवेरोकाकांच्या दुसऱ्या शेतात असंच निघालं होतं ना? सरकारी माणसांनी दोरी बांधून शेत ताब्यात घेतलं आणि काका आता फाटकाशी देऊळ बघायला येणाऱ्यांना पाण्याच्या बाटल्या विकतात. "मी मका पेरणारा माणूस, बाटल्या विकणार नाही," बाबा म्हणाले. कुणाला सांगायचं नाही अशी काकांकडून शपथ घेतली, माझ्याकडूनही घेतली.

तेव्हापासून रोज ते भगदाड बुजवायला जातात. दगड कुठले वापरतात, सांगू? आतलेच उपसून काढतात! आगीत चुनखडी भाजून भुसभुशीत झालीय, हात लावला की पापुद्रे सुटतात. परवा पेज घेऊन गेले तर हे कमरेपर्यंत आत, आणि वरून माती गळतेय. मी किंचाळलेच. तर म्हणे, "अगं, हजार वर्षं उभं आहे, माझ्यानं काय पडतंय?" काल डोक्याला खोक पाडून आले. म्हणे फांदी लागली. जळक्या रानात फांदी कुठली गं? धड खोटंही बोलता येत नाही या माणसाला.

चिडले, रडले, अबोला धरला. ढिम्म! पावसाआधी पेरणी झाली पाहिजे, एवढंच त्यांचं पालुपद. मला मात्र डोळे मिटले की ते दगड खाली येताना दिसतात.

म्हणून आज ते रानात गेल्यावर मी वायादोलिदची बस धरली आणि जुन्या देवळांच्या सरकारी कचेरीत जाऊन सगळं सांगून आले. शपथ मोडली. सोमवारी माणसं येतील. शेत बहुतेक जाईल, पोरी, आणि ते माझ्यामुळे. तोवर मी रोज त्या भगदाडाशी ठाण मांडून बसणार आहे. हे त्यांना माझ्याच तोंडून कळायला हवं, पण एकटीनं सांगायला जीभ रेटत नाही. तू शनिवारी ये. काही बोलू नकोस, नुसती माझ्याजवळ बस. यापुढे ते माझ्या हातचं जेवले नाहीत तरी चालेल. पण ताट दूर सरकवायला तरी माणूस समोर हवा.

तुझीच,
भित्री आई