पेटीवरचं गाव

आबा,

२१ जून १९८६, दुपारी चार वाजून वीस मिनिटं. ठिकाण धुळे, माझ्या होणाऱ्या सासरची पुढची खोली. मी मान खाली घालून बसले होते असं सगळ्यांना वाटत होतं, पण मी समोरच्या घड्याळाकडे बघत होते, म्हणून मिनिटांसकट सांगू शकते. भुसावळच्या कॉन्व्हेंटात इंग्रजीच्या सिस्टर शिकवायच्या की तक्रारीचं पत्र रडत लिहायचं नसतं. आधी तारीख आणि वेळ, मग घडलं ते, मग आपलं मागणं, शेवटी उत्तराची मुदत. त्या शाळेत मला तुम्हीच घातलंत. सावद्याहून सकाळच्या पॅसेंजरने रोज पाठवलंत, आणि नातेवाईक हसले तेव्हा "माझी पोरगी साहेबाशी साहेबाच्या भाषेत भांडेल" असं त्यांना ऐकवलंत. तेव्हा आता हे पत्र या पद्धतीने आलं म्हणून तुम्ही कुरकुर करायची नाही.

घडलं ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल. त्या वर्षी मे महिन्यात माझी दोन पत्रं आली होती. एक पुण्याच्या विद्यापीठाचं, एक बडोद्याच्या. दोन्हीकडे मॅनेजमेंटच्या पदवीला जागा मिळाली होती. आपल्या घरात तोवर टपालाने लग्नपत्रिका यायच्या, किंवा सोसायटीची परिपत्रकं. तुम्ही केळी सोसायटीत वॅगन भरून घ्यायच्या कामावर, सातवी शिकलेले. दोन्ही पत्रं तुम्ही माझ्याकडून तीन-तीनदा वाचून आणि मराठीत सांगून घेतलीत. तिसऱ्या वेळी तुम्हाला सगळं पाठ झालं होतं, हे मला कळत होतं. तुम्हाला फक्त पुन्हा ऐकायचं होतं.

मग तुम्ही सोसायटीचा एक जुना फॉर्म पालथा केलात आणि मधोमध रेघ मारलीत. डावीकडे पुणे, उजवीकडे बडोदा. स्वयंपाकघरात आई ज्वारीचे पापड, बिबडे, थापत होती, आणि तुम्ही उंबऱ्यात बसून तिलाही विचारत होतात. ती म्हणाली, "बडोद्याले जाय व माय, मावशी हाये तिथं. आजारी पडली त कोन पाहीन पुण्यात?" तुम्ही उजवीकडे लिहिलंत, मावशी. मी म्हटलं, मावशीकडे राहून मी मॅनेजमेंट शिकणार नाही, मावशीच्या पोरांचा अभ्यास घेणार. तुम्ही हसून मावशी खोडलीत. पुण्याच्या खाली तुम्ही लिहिलंत, वसतिगृह नक्की नाही. बडोद्याच्या खाली, गुजराती येते. पुण्याच्या खाली, पोरीला आवडतं. हे शेवटचं मी सांगितलेलं नव्हतं. तुम्ही कुठून वाचलंत कोण जाणे.

जळगावला झेरॉक्स काढायला गेलो तो दिवस तर मला जसाच्या तसा दिसतो. स्टँडसमोरचं ते एवढंसं दुकान, मशीनच्या गरम कागदाचा वास. माझी गुणपत्रिका त्या माणसाच्या हातात देताना तुम्ही म्हणालात, "दोन-दोन प्रती काढा. पोरगी दोन विद्यापीठांना पाहिजे." तो बापडा मान वर न करता म्हणाला, "नाना, माझ्याकडे एकच मशीन आहे, रांगेत या." मी लाजेने अर्धी झाले, आणि तुम्ही मात्र रांगेतल्या मागच्या माणसालाही तेच सांगितलंत. परत येताना बसमध्ये मी म्हटलं, आबा, लग्न ठरतंय, धुळ्याची माणसं काय म्हणतील? तुम्ही म्हणालात, "सुपारी फोडायच्या आधीच मी त्यांना सांगितलंय, पोरगी दोन वर्षं शिकणार. ते हो म्हणालेत." आणि मग तुमच्या धंद्यातलं बोललात. दिल्लीला जाणारं केळं पाऊणच भरलं असताना कापायचं. झाडावर पूर्ण भरू दिलं तर दिसतं छान, पण मग ते फक्त गावच्या बाजारात जातं. "लांबचा माल वेळेत काढावा लागतो, पोरी. मी तुला वेळेत काढतोय."

हे तुमचं वाक्य, तुमच्या तोंडचं. मी पुढच्या सगळ्या वर्षांत ते तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून जपून ठेवलं आहे.

आणि पेटी. निळ्या पत्र्याची, सावद्याच्या बाजारातून आणलेली. सोसायटीच्या पेंटरकडून तुम्ही तिच्यावर पांढऱ्या रंगात माझं नाव घालून घेतलंत आणि खाली मोठ्या अक्षरात 'पुणे'. ठरवलंत कधी, मला सांगितलं नाहीत. मी कॉलेजातून दाखला घेऊन घरी आले तर ओसरीवर पेटी, अजून ओली, आणि तुम्ही तिच्यावर बसणाऱ्या माशा हाकलत होतात. मी विचारलं, बडोद्याचं काय? तुम्ही म्हणालात, "तुला जायचं कुठं ते तुला ठाऊक, मला ठाऊक. त्या कागदाचं काय घेऊन बसलीस?"

आता धुळे. तारीख काढायला म्हणून आपण तिघे गेलो. पोहे झाले, चहा झाला. ह्यांचे वडील नव्हते, काकाच घरातले मोठे. सगळं सुरळीत चाललेलं असताना तुम्ही पिशवीतून ती दोन्ही पत्रं काढलीत, दिवाणावर काकांच्या पुढ्यात ठेवलीत आणि हात जोडून म्हणालात, "पोरगी आता तुमची. पुणे की बडोदा, तुम्हीच सांगा."

आबा, तुम्ही हे का केलंत ते मला तेव्हाही कळलं होतं. आपल्याकडे रीतच ती. एकदा सुपारी फुटली की मुलीच्या बापाने व्याह्याला विचारायचं, आणि व्याह्याने म्हणायचं, छे छे, तुमची लेक, तुम्हीच ठरवा. मग दोघांचाही मान राहतो आणि जे ठरलेलं असतं तेच होतं. आत्याच्या लग्नात तुम्ही असंच केलेलं मी पाहिलं होतं. तुम्ही विचारलंत ते उत्तर हवं म्हणून नव्हे. तुमच्या हिशेबी पेटी रंगवून झालेली होती.

काकांनी मात्र उत्तर दिलं. पत्रं उचललीसुद्धा नाहीत. पोह्याची बशी बाजूला सारून म्हणाले, "पोर हुशार शे, भाऊ, तेन्हामा वाद नही. पन दोन वरीस कोन वाट दखी? आठे धुळाले बी.एड. शे. घरना घर शिकी." मग हसून, "पुणं काय, बडोदं काय, बठ्ठं एकच. शेवटी भाकर थापनीच शे." आतल्या दारात उभ्या असलेल्या बायकाही हसल्या. घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

तुम्ही म्हणू शकला असता, आपलं दोन वर्षांचं बोलणं झालंय. तुम्ही म्हणू शकला असता, बी.एड. नाही, मॅनेजमेंट. शेतकऱ्याने जास्त भरलेला घड आणला की वॅगनच्या दारात उभं राहून तुम्ही अर्धा अर्धा तास हुज्जत घालायचात, स्टेशन मास्तरला घाम फोडायचात. त्या खोलीत तुम्ही पत्रांची घडी घातलीत, जशीच्या तशी, जुन्या घडीवरून, आणि पिशवीत ठेवलीत. आणि म्हणालात, "बरं."

परतीची बस पारोळ्याला थांबली. स्टँडवर तुम्ही मला उसाचा रस आणून दिलात. मी घेतला नाही. तेव्हा तुम्ही ग्लास हातात धरूनच म्हणालात, "वॅगन मध्येच दुसरीकडे वळवतोच ना आपण? दिल्लीला माल जास्त झाला की कानपूरला. माल तोच राहतो. वर्षभराने धुळ्याहूनच जाशील पुण्याला." मी म्हटलं, "आबा, वळवलेली वॅगन परत दिल्लीला गेलेली तुम्ही पाहिलीय का कधी?" आई म्हणाली, बापाशी अशी बोलते का व? तुम्ही रस सांडून दिलात.

दोन्ही विद्यापीठांना लेखी होकार पोचायची मुदत दहा जुलै, संध्याकाळी पाच. त्या दिवशी पाच वाजता मी ओसरीवर होते आणि तुम्ही अंगणात पेटीपुढे उकिडवे बसला होता. फुटक्या बरणीच्या काचेने 'पुणे' खरवडत होता. पेंटर म्हणाला होता, वरूनच मारतो रंग. पण तुम्हाला ते खालून दिसेल असं वाटलं. चांगला तासभर लागला तुम्हाला. अंगठ्याला काच लागली तरी उठला नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या जागी 'धुळे' आलं, आणि त्याच पेटीत माझ्या साड्या भरून मला सासरी पाठवलंत.

मी बी.एड. केलं नाही, तेवढा हट्ट मी काकांपुढे चालवला. एका कॉलेजच्या ऑफिसात लागले आणि अधीक्षक होऊन निवृत्त झाले. माझा संसार वाईट झाला असं मी म्हणणार नाही. हे पाटबंधारे खात्यात होते, सज्जन माणूस, भाकरी जमली नाही तर ब्रेड आणणारा. पण तीस-बत्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या पोरींचे दाखले काढून दिले. जून आला की त्या यायच्या, हातात दोन-दोन पत्रं, पुणे, नाशिक, इंदूर. "मॅडम, कुठं जाऊ?" मी म्हणायचे, मला काय विचारतेस, तुला तोंड नाही का? माझ्या तोंडाला ऑफिसात सगळे टरकून असत. मुदतीनंतर आलेला अर्ज मी एकदाही घेतला नाही. पाच म्हणजे पाच. एक बाप पाच वाजून दहा मिनिटांनी यावलहून धापा टाकत आला होता, बस बंद पडली म्हणाला. मी खिडकी लावून घेतली. त्याचा चेहरा मला तुमच्यासारखा वाटला, म्हणून लावून घेतली. हे आज पहिल्यांदा कुणाला तरी सांगतेय.

तुम्ही होतात तोवर या विषयावर आपण एक शब्द बोललो नाही. दर दिवाळीला तुम्ही यायचात, केळ्याचा घड घेऊन, आणि माळ्यावरच्या पेटीकडे न बघता बसायचात. शेवटच्या आजारपणात मी आठ दिवस सावद्याला होते. तुम्ही एकदा म्हणालात, "तू तेव्हा रस घेतला नाहीस." मला वाटलं, ग्लानीत बोलताय. मी म्हटलं, पडून राहा आबा. आता तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली.

गेल्या उन्हाळ्यात आई गेली, आणि घर आवरताना तुमच्या कपाटात ती दोन्ही पत्रं सापडली, आणि तो पालथा फॉर्मही. डावीकडच्या रकान्यात 'पोरीला आवडतं' या ओळीखाली तुम्ही दोनदा रेघ मारली आहे. शेवटी, वेगळ्या शाईत, सावदा ते पुणे गाड्यांच्या वेळा आहेत, आणि परत येणाऱ्या गाड्यांच्याही. दिवाळीच्या सुट्टीला मला आणायला येणार होता तुम्ही, असा अर्थ मी काढला. घरी येऊन मी पेटी खाली घेतली. 'धुळे'चा रंग पोपडे धरून निघाला आहे. खाली पुणे दिसत नाही, आबा. तुम्ही फार नीट खरवडलंत. नुसते काचेचे चरे आहेत. मी त्यांच्यावरून हात फिरवत बसले आणि ह्यांनी विचारलं, काय झालं? मी तोंडाला येईल ते बोलले, ह्यांच्या काकांबद्दल, तुमच्याबद्दल. ऐकून घेतलं त्यांनी. मग हळूच म्हणाले, "मीही होतो त्या खोलीत. पण तुला विचारलं होतं ना आबांनी?"

हो. तक्रारीत एक बाब मी मुद्दाम वगळली होती. सिस्टरांनी या पत्राला शून्य दिलं असतं.

काका हसले, बायका हसल्या, आणि पत्रांची घडी घालण्याआधी तुम्ही माझ्याकडे वळलात. सगळ्यांच्या देखत, जे कुठलाच बाप त्या खोलीत करत नाही. "तुझं काय म्हणणं आहे, बाई?" आणि मी, साहेबाशी साहेबाच्या भाषेत भांडणारी मी, म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं, आबा." मला वाटलं, हीही रीतच. मी असं म्हणायचं, आणि मग तुम्ही ठरलेलं तेच सांगायचं. तुम्ही माझ्याकडे जरा वेळ बघत राहिलात. मग "बरं" म्हणालात.

हे पत्र टाकायला पेटी आहे, पोस्टाची नव्हे, निळी. त्या दोन पत्रांच्या वर ठेवीन. मागणं एकच आहे. मी त्या वेळी 'पुणे' असं म्हटलं असतं, तर तुम्ही पिशवी उचलून माझ्याबरोबर उठला असता का? हो की नाही, एवढंच कळवा. उत्तर लेखी हवं, तुमच्या अक्षरात, येत्या दहा जुलैला संध्याकाळी पाचच्या आत.

पाचनंतर आलं, तरी घेईन.