रान साफ होईपर्यंत

भाऊ, "आजून थोडं बळ येऊ दे, मग जाऊ," असं तुम्ही म्हणाला होतात. अख्खं घर तुम्हाला भाऊ म्हणायचं, म्हणून तुमची लेक असून मीही भाऊच म्हणत राहिले. तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला बसलं तर आधी खोकलाच आठवतो. हे वाक्य मात्र जसंच्या तसं ऐकू येतं. तुम्ही ते पहिल्यांदा म्हणालात तेव्हा आपण दोघं टाकव्याच्या घरात, भाताच्या पोत्यांना टेकून, त्या जपानी टीव्हीसमोर बसलो होतो आणि पडद्यावर एक मोठं काळं दार होतं.

तुम्ही तेव्हा कारखान्यात गाडी चालवत होता. जपानहून आलेल्या एका इंजिनिअरसाहेबांना लोणावळ्याच्या भाड्याच्या बंगल्यातून सकाळी आणायचं आणि संध्याकाळी सोडायचं, हे तुमचं काम. लोणावळ्याच्या पावसात एकट्या माणसानं करायचं काय? साहेब खेळ खेळायचे. परत मायदेशी निघाले तेव्हा त्यांनी छोटा टीव्ही, राखाडी रंगाचं ते यंत्र, त्यात खोचायची एक कॅसेट आणि विटेएवढा जड ट्रान्सफॉर्मर असं सगळं तुमच्या गाडीत ठेवलं आणि कमरेत वाकून नमस्कार केला. तुम्हीही वाकलात, आणि मग कुणी आधी सरळ व्हायचं ते दोघांनाही कळेना, असं तुम्ही घरी येऊन करून दाखवलं होतं. आई ट्रान्सफॉर्मरकडे बघत म्हणाली, "ह्ये कशाला आनि? आपला लाईट चालंना व्हय त्येला?" तुम्ही गंभीर चेहऱ्यानं म्हणालात, "आपली वीज लय तिखट हाय. ह्ये पानी घालून पातळ करतंय."

कारखान्याची सुट्टी गुरुवारी, आणि गुरुवारीच आपल्याकडे लाईट जायची. त्यामुळे सकाळी आंघोळ झाली की आपली घाई सुरू. आई भाकऱ्या थापता थापता शेजारच्या मावशींना ओरडून सांगायची, "आज गुरुवार. बापलेकी जपानला गेल्यात. जेवायला येत्यात का बघायचं." तुम्ही स्टेअरिंग धरावं तसे दोन्ही हातांनी बटणं धरून बसायचात, आणि पडद्यावरचा माणूस डावीकडे वळला की तुम्हीही डावीकडे कलायचात. मी सोळा-सतरा वर्षांची, कॉलेजात जाणारी, मला या सगळ्याची लाज वाटायला हवी होती. पण मला आठवडाभर फक्त गुरुवार दिसायचा.

तो खेळ कसा होता, हे आज कुणाला सांगायला गेले तर लोक कंटाळतात. मारामारीचे खेळ असतात तसा तो नव्हता. एखाद्या जाडजूड कादंबरीसारखा लांब. एक पोरगा गावातून निघतो, त्याला वाटेत सोबती भेटतात, डोंगर, नद्या, गावं लागतात, आणि जाता जाता रानातल्या श्वापदांशी लढून सगळ्यांचं बळ थोडं थोडं वाढत जातं. प्रत्येक गावात माणसं उभी. समोर जाऊन बटण दाबलं की ती एक वाक्य बोलतात, आणि पुन्हा दाबलं की तेच वाक्य पुन्हा. सगळं जपानीत. आपल्याला एक अक्षर कळायचं नाही. कुठे जायचं ते कळायचं नाही, कुणी काय मागितलं ते कळायचं नाही, आठवडेच्या आठवडे आपण एकाच दरीत फिरत राहायचो आणि तेच तेच संगीत घरभर वाजत राहायचं. मध्येच लाईट गेली की आपण चाललो होतो ती सगळी वाट पुसली जायची. मला रडू यायचं. तुम्ही मात्र शांतपणे बिडी शोधायचात. खेळ कुठवर आला ते कॅसेटमध्ये राखून ठेवायची एक सोय होती, साहेबांनी दाखवलेली. तुम्ही तिला गाठ मारणं म्हणायचात. "गाठ मारलीस का गं?" हे तुम्ही त्यानंतर मला कॉलेजला निघतानाही विचारायचात, आणि डबा घेतला, पास घेतला, असं सगळं त्या एका प्रश्नात यायचं.

आपण खेळातल्या चौघांना नावं दिली होती. पोरगा म्हणजे "आपला". दाढीवाला म्हातारा म्हणजे "आबा". मुका धिप्पाड सोबती म्हणजे "गडी". आणि पांढऱ्या झग्यातली ती पोरगी, जी सगळ्यांच्या जखमा बऱ्या करायची, ती "डॉक्टरीणबाई". तिचा तुम्हाला विशेष जिव्हाळा. ती जखमी झाली की तुम्ही स्वतःलाच रागवायचात. पहिल्या गावातल्या विहिरीपाशी एक माणूस उभा असायचा, त्याला तुम्ही दर वेळी जाऊन "रामराम, काय म्हनताय?" करायचात. तो आपलं ते एक वाक्य बोलायचा आणि तुम्ही मला अर्थ सांगायचात. "ह्यो सांगतोय, खजिना कुटं हाय ते. पन आपल्यालाच सांगतोय, बोभाटा करू नको."

आणि ते माळरान. गावाबाहेर पडलं की हिरवं रान लागायचं, आणि चार पावलं टाकली की श्वापद समोर. मारलं, पुन्हा चार पावलं, पुन्हा श्वापद. तुम्ही म्हणालात, आधी हे रान साफ करू, मग पुढं जाऊ. नांगर धरल्यासारखे तुम्ही या बांधापासून त्या बांधापर्यंत जायचात, वळायचात, शेजारून परत यायचात, एक पट्टा सोडायचा नाही. निंदणी केली की रान मोकळं होतं, हे तुम्ही जन्मभर पाहिलेलं. त्या रानातली जनावरं संपायचीच नसतात, कितीही मारली तरी यंत्र नवी सोडतं, हे आपल्याला कसं कळणार? महिने गेले. रान साफ झालं नाही, पण आपली माणसं अशी तगडी झाली की पुढच्या डोंगरातली मोठाली श्वापदं फुंकरीनं उडायला लागली. तुम्ही त्यातून धडा घेतलात. घाई करायची नाही. आधी बळ कमवायचं. बाटलीतली औषधंही तुम्ही कधी वापरू द्यायचा नाहीत, "आडीअडचनीला ऱ्हाऊ दे."

म्हणून त्या काळ्या दारापाशी पोचल्यावरही आपण आत गेलो नाही. मी म्हणत होते, चला ना भाऊ, आता काय होतंय. तुम्ही बटणावरचा अंगठा उचललात. "आजून थोडं बळ येऊ दे, मग जाऊ." आणि आपण दारासमोर गाठ मारून मागे फिरलो, रान निंदायला.

दुसऱ्यांदा हे वाक्य तुम्ही पुण्याच्या डॉक्टरांना ऐकवलंत. त्यांनी सांगितलं होतं, हृदयाचा स्नायू जाड झालाय, ऑपरेशन करून घ्या, लांबवू नका. तुम्ही मान हलवलीत, हसलात, आणि शब्दही न बदलता तेच म्हणालात. मग भातलावणी झाल्यावर जायचं ठरलं. मग झोडणी झाल्यावर. तुम्ही रोज सकाळी दोन अंडी खायचात आणि बांधावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचात, वळायचात, शेजारून परत यायचात. मी ओट्यावर उभी राहून बघायची आणि मला ते ओळखीचं वाटायचं. मला वाटायचं, हे बरोबरच आहे. असंच तर वाढतं बळ.

तुम्ही कारखान्याच्या आवारात, गाडीतच गेलात. गाडी बंद होती, हँडब्रेक ओढलेला होता. त्या गाडीच्या कप्प्यात डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांची पाकिटं निघाली, बरीचशी न फोडलेली. आई एवढंच म्हणाली, "आडीअडचनीला ठेवल्या आसतील."

आता मी घोरावाडी स्टेशनजवळ राहते. आई माझ्याकडे असते. गेल्या वर्षी तोच खेळ इंग्रजीत नव्यानं निघाला आणि मी तो घेतला. भाऊ, विहिरीवरचा तो माणूस खजिन्याचं काही सांगत नव्हता. "माझी कोंबडी पाहिलीत का?" एवढंच विचारत होता, सगळी वर्षं. मी एकटीच इतकी हसले की आई बघायला आली. मग मला वाचता येत असूनही मी भरभर पुढे गेले नाही. सगळ्यांशी बोलले. कुणाचं हरवलेलं भांडं शोधून दिलं, कुणाची चिठ्ठी दुसऱ्या गावाला पोचवली. मुख्य गोष्ट बाजूला पडली तरी कुणी रागावत नाही, जग बुडायला आलेलं असलं तरी ते तुमच्यासाठी थांबून राहतं, हीच या खेळांची माया आहे, आणि हाच त्यांचा खोटेपणा. मग ते दार आलं. मी आत गेले. आत डॉक्टरीणबाई मरते. लढाईत नाही, गोष्टीतच मरते. मला पटलं नाही. मी दाराबाहेर मारलेल्या गाठीपाशी परत गेले, रान तुडवत राहिले, तिचं बळ आणखी वाढवता येणार नाही इतकं वाढवलं, आपल्या औषधाच्या सगळ्या बाटल्या तिच्या नावानं राखून ठेवल्या. ती पुन्हा मेली. बाटल्या तशाच राहिल्या. त्या दारापलीकडे कितीही बळ नेलं तरी ते तिच्या कामाचं नाही, असं ज्यांनी खेळ लिहिला त्यांनीच ठरवून टाकलेलं आहे.

आपल्या कॅसेटमध्ये मात्र ती जिवंत आहे. तुम्ही आत गेला नाहीत म्हणून. मी ती कॅसेट आणि यंत्र स्टेशनाजवळच्या दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्यानं कसंबसं जोडून लावलं, आणि भाऊ, चौघं तिथेच उभे होते, काळ्या दारासमोर, तुम्ही सोडलेत तसे. दुरुस्तीवाला म्हणाला, "ताई, आत एक बटणासारखा सेल असतो, त्याच्या जिवावर हे टिकलंय. आता तो संपत आलाय. बदलायला काढला तर सगळं जाणार. नाही काढला तरी जाणारच." मी विचारलं, कधी? तो म्हणाला, "आज जाईल, दोन वर्षांनी जाईल. करायचं काय ते तुम्ही ठरवा." मी कॅसेट ओढणीत गुंडाळून घरी आणली.

त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी, दवाखान्यातल्या खऱ्या डॉक्टरीणबाईंनी, मला जवळजवळ हेच सांगितलं, फक्त चांगल्या शब्दांत. घरात कुणाला होतं का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी तुमचं सांगितलं. माझाही स्नायू जाड झालाय. ऑपरेशन केलं तर निभावेल याची खात्री नाही, नाही केलं तर किती दिवस याची खात्री नाही. मला आता कळत नाही की तुम्ही चुकला होतात की नाही. तुम्ही त्या दारातून गेला असतात तर वाचला असतात, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. तेवढ्यावर तुमच्यावर रागवता तरी यायचं. आता तेही येत नाही. इकडून गेलं तरी तेच आणि तिकडून गेलं तरी तेच, असंही असू शकतं.

आईला असलं काही पटत नाही. मागच्या महिन्यात मी फोनवर दवाखान्याशी बोलून खोलीत आले तर ती पलंगावर बसलेली. "काय म्हनले?" मी म्हटलं, ऑपरेशनची तारीख पुढची घेतलीय, जरा अशक्तपणा जाऊ दे. ती म्हणाली, "तू बी बापावानी रान साफ करीत बसलीस व्हय?" मी स्वयंपाकघरात निघून गेले आणि उगाच डाळ निवडत बसले.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच आहे. खरं सांगायचं ते एवढंच, की तारीख मी दोनदा पुढे ढकललीय आणि दोन्ही वेळा फोनवर तुमचंच वाक्य बोलले, फक्त शहरी करून. माणूस गेला की तो त्या गावांतल्या माणसांसारखा होत असावा. उभा असतो, तोंड ओळखीचं असतं, पण त्याच्यापाशी एकच वाक्य उरलेलं असतं. गेले कित्येक दिवस मी तुमच्यासमोर येऊन बटण दाबते आहे. तिसरी तारीख आता या गुरुवारची आहे, तुमच्या सुट्टीच्या दिवसाची, आणि दार समोर आहे. तुम्ही काय म्हणणार ते मला पाठ आहे. तरी विचारते, भाऊ. एकदाच दुसरं काहीतरी बोला. नुसतं "चल" म्हणा.