सेवाकराराची बैठक पुरुष वॉर्डात घेण्याबाबत

प्रति,
मा. प्रशासकीय अधिकारी,
सार्वजनिक रुग्णालय

विषय : परिचारिकांच्या सेवाकराराची पुढील बैठक पुरुष वॉर्डातच घेण्याबाबत.
संदर्भ : आपले आज सकाळचे पत्र.

महोदय,

संदर्भीय पत्रान्वये आपण कळविले आहे की, कालच्या बैठकीस संघटनेचे कोणी न आल्याने नव्या करारातील प्रशासनाच्या अटी आम्हांस मान्य आहेत असे समजले जाईल. संघटनेची प्रतिनिधी या नात्याने सविनय कळविते की, त्या मान्य नाहीत.

बैठक पाळी बदलण्याच्या वेळी ठेवली होती. येणाऱ्या परिचारिकेला प्रत्येक खाटेपाशी नेऊन रुग्ण सोपविल्याशिवाय वॉर्ड सोडू नये, हा आपल्याच कार्यालयाचा नियम आहे. काल येणारी आलीच नाही. तिला परस्पर प्रसूती वॉर्डात धाडले होते. आपला शिपाई बोलवायला आला तेव्हा मी म्हटले, "माझ्या जागी कुणाला तरी उभं करा, लगेच येते." तो म्हणाला, "सिस्टर, माणसं असती तर बैठक कशाला लागली असती?" आणि गेला.

त्याआधीच्या बैठकीस मी आले होते. वॉर्ड मावशींच्या भरवशावर टाकून आले होते. एका परिचारिकेकडे दहाहून अधिक रुग्ण नसावेत, असे मी सांगत होते आणि आपण चहा ढवळत ठोस उदाहरण मागत होता. त्याच वेळी मावशी दुसऱ्या रुग्णाला एक्स-रेला घेऊन गेल्या होत्या. खिडकीजवळच्या खाटेवरचे शिंपीकाका बेल वाजवून थकले, आपले आपणच शौचालयाकडे निघाले आणि पडले. डोक्याला मार लागला. त्यातच ते गेले. त्यांच्या मुलीने मला विचारले, "तुम्ही कुठे होतात?" साहेब, मी आपल्यासमोर बसले होते.

त्या बैठकीच्या इतिवृत्तात 'संघटनेस ठोस उदाहरण देता आले नाही' अशी नोंद आहे. ती वाचून तळपायाची आग मस्तकात गेली, हे अर्जात लिहू नये, तरी लिहिते.

सबब विनंती की, पुढील बैठक आमच्या वॉर्डात घ्यावी. खुर्च्या मिळणार नाहीत. आम्ही उभ्याच असतो, आपणही राहावे. मध्येच बेल वाजल्यास मी बोलणे अर्धवट टाकून जाईन. ती गैरहजेरी धरू नये.

कालपासून पाळी न सुटलेली,
(सही)
परिचारिका, पुरुष वॉर्ड
परिचारिका संघटनेकरिता
दिनांक : बैठकीचा दुसरा दिवस

सोबत :
१. आपल्या पत्राची प्रत.
२. ठोस उदाहरण. जोडता आले नाही. मुलीने ताब्यात घेतले.