रेकॉर्डर बंद केल्यावर

प्रिय पूनम,

हे पाकीट आपली हॉस्टेलातली पायल तुझ्या हातातच देईल. मोबाइलवर लिहिलं नाही, कारण साखरपुडा व्हायच्या आधीच हर्षल तुझे सगळे मेसेज वाचतो, हे तूच परवा पायलला हसत सांगितलंस.

माझं पीएच.डी.चं काम चाललंय. दुसऱ्यांच्या घरी राबणाऱ्या बायकांच्या मुलाखती घेत मोताळ्याकडची गावं फिरतेय. हॉस्टेलात मी किती बडबडी होते! आता प्रश्न विचारून गप्प बसायला शिकलेय. समोरच्या बाईला घाई करायची नाही, तिच्या तोंडी आपले शब्द घालायचे नाहीत. आणि आधी कागद वाचून दाखवायचा, की तुमचं नाव कुठेही येणार नाही.

गेल्या महिन्यात एका बाईंनी तासभर धुणीभांडी, पगार, सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, "ते मशीन बंद कर." मी केलं. मिरच्यांचे देठ खुडत त्या म्हणाल्या, "मालकाची बायको गच्चीवरून पडली म्हणतेत. पडली नाही वं पोरी ते. म्या पाह्यलं." पोलिसांत जाऊ म्हटलं, तर त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "माहा पोरगा त्याच्याच ट्रॅक्टरवर हाय."

बाहेर पडले, तर वाटेत मोटरसायकल आडवी लावून तो मालक उभा. गोड आवाजात म्हणाला, "काय काय सांगतलं मॅडम बाईनं?" मजुरीचं विचारलं, एवढंच मी कसंबसं म्हणाले. त्यानंतर त्याचे तीन फोन आलेत. नंबर त्याला कुणी दिला, ठाऊक नाही.

सोमवारी पायलनं तिच्या मोबाइलवर तू पाठवलेला हर्षलचा फोटो दाखवला. पूनम, तोच माणूस. त्याची पहिली बायको आजारानं गेली, असंच सांगितलंय ना तुम्हाला?

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. दिलेला शब्द कसा मोडू? शेवटी धामणगाव बढ्याच्या बाजारात त्या बाईंना गाठलं, तुझा फोटो दाखवला. "सांग तिले," म्हणाल्या. "माहं नाव नको घेऊ फक्त."

म्हणून लिहितेय. रविवारच्या साखरपुड्याआधी नाही म्हण. कारण तुझं स्वतःचं दे, पुढं शिकायचंय म्हण, काहीही म्हण. लोक नावं ठेवतील, ठेवू देत. फक्त माझी ओळख दाखवू नकोस. मी तुझी मैत्रीण आहे हे त्याला कळलं, तर त्या बाईंच्या दारात जायला त्याला एक दिवसही लागणार नाही.

तुझीच,
अर्पिता