माशीच्या डोळ्यातले सात ठिपके

तीर्थरूप दादांच्या चरणी धाकट्याचा साष्टांग नमस्कार, आणि पत्र वाचून दाखवणाऱ्या वहिनींना वेगळा नमस्कार. (वहिनी, कंसातला मजकूर फक्त तुमच्यापुरता. कंस आला की पाणी प्यायला थांबल्यासारखं करा. दादांचे कान तिखट आहेत.)

इकडे आम्ही सर्व खुशाल. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनी लिहितात, दिवेलागण झाली की तुम्ही बसल्या जागेवरून हलत नाही, परवा पाण्याची बादली लाथाडलीत आणि वर बादलीवरच खेकसलात. डोळ्यांच्या डॉक्टरांचं नाव काढलं की म्हणता, "वडील गेले होते का डॉक्टरकडे?" दादा, नाही गेले. म्हणूनच शेवटी शेवटी ते आपली तोंडं चाचपून कोण धाकटा आणि कोण थोरला ते ठरवायचे. तुमच्या नाकापाशी त्यांची बोटं थांबायची आणि ते म्हणायचे, "हा थोरला, शंकाच नको." (नाकाचं वाचलंत तरी चालेल.) तेव्हा डॉक्टरांकडे चला, एवढंच सांगायला हे पत्र. पण तुम्ही सरळ सांगितलेलं कधी ऐकत नाही, म्हणून लांबून येतो.

मी काय काम करतो असं तुम्हाला कोणी विचारलं की तुम्ही म्हणता, "चिलटं पाळतो." बरोबर आहे. पिकल्या केळ्यावर घोंघावतात तीच ही. मक्याचं पीठ, साखर आणि यीस्ट शिजवून मी त्यांचं जेवण करतो, काचेच्या कुप्यांत ओततो, कापसाचे बोळे लावतो. आमच्या प्रयोगशाळेच्या बाई त्या माश्यांच्या डोळ्यांवर संशोधन करतात. त्यांनी मला समजावलं ते असं. माशी कोषात असते तेव्हा डोळ्यातल्या उजेड टिपणाऱ्या पेशी लांब ताणल्या जातात, आणि एक प्रथिन त्यांना आकारात धरून ठेवतं. गवंड्यासारखं. पण आपला गवंडी घर बांधून जातो तो पुन्हा तोंड दाखवत नाही (मागच्या खोलीचं छत अजून गळतंय ना?), हा मात्र तिथेच राहतो आणि जन्मभर डागडुजी करतो. तो नसला की पेशी आधी वेड्यावाकड्या होतात, आणि मग उजेडानेच झिजून मरतात. म्हणून तसल्या माश्यांचं एक कपाट उजेडात आणि एक कायमच्या अंधारात. अंधारातल्यांचे डोळे टिकतात. ज्याच्यासाठी डोळा दिला तोच उजेड त्याला खातो, यावर मी सकाळी हात जोडून बसलो की पुष्कळ विचार करतो.

आता गंमत ऐका. या प्रथिनाचं नाव आहे 'चुरा'. असतं तेव्हा सगळं सांधून ठेवतं, पण ते नसलं की काय होतं त्यावरून नाव पडलं. माशीवाल्यांची रीतच आहे ती. या रीतीने वहिनींचं नाव 'उपास' ठेवावं लागेल. त्या माहेरी गेल्या की तुम्ही काय जेवता ते मला माहीत आहे. माझंही बारसं झालंय. मी आजारी पडून घरी राहिलो आणि सगळ्या कुप्यांत बुरशी धरली, तेव्हापासून मी बुरशीकाका. कुप्या धुणाऱ्या मावशी तर बाहेरच्या माणसांसमोरही हाक मारतात, "ओ बुरशी, चहा घेता का?"

डोळा शाबूत आहे की नाही हे बाहेरून कळत नाही, दादा. लाल, टपोरा, चकचकीत, सगळ्यांचा सारखाच. माशीला गुंगीचा वायू द्यायचा, खोली काळोखी करायची, आणि खालून बारीक उजेड सोडून भिंगातून पाहायचं. मग त्या डोळ्याच्या आत सात तांबडे ठिपके पेटतात. आपण मान हलवली की तेही सरकतात, जणू आपल्याकडेच पाहताहेत. पेशी मेल्या असतील तर तिथे नुसता तांबूस धुरळा. आणि ती आंधळी माशी शुद्धीवर आली की पुढच्या पायांनी डोळे पुसायला लागते. रोज, मन लावून. कशासाठी पुसते कोण जाणे. मला ते पाहवत नाही.

तर गेल्या आठवड्यात बाई शेजारच्या खोलीत बैठकीला बसल्या होत्या, म्हणून अंधाराच्या कपाटातल्या माश्या मी तपासायला घेतल्या. पहिलीचे मधले दोनतीन ठिपके दिसले, कडेचे नाहीत. दुसरीचं तेच. तिसरीचंही. घाबरून मी आरोळी ठोकली, "गेल्या! सगळ्यांचे डोळे गेले!" मावशींच्या हातून कुप्यांचा ट्रे पडला. बाई एका पायात चप्पल अशा धावत आल्या. मावशी म्हणाल्या, "काकांनी कपाट उघडून त्यांना सूर्यनमस्कार शिकवले असतील." बाई भिंगाला डोळा लावून बराच वेळ बसल्या. मग म्हणाल्या, "काका, सातही आहेत."

"ती नाही, ही बघा."

"हिचेही सात आहेत."

तिसरीही त्यांनी पाहिली. त्या काळोखात त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. तेवढ्यात मला असा भास झाला की कपाटातल्या सगळ्या माश्या शांत बसून मला मोजताहेत. मी म्हटलं, "भिंगावर वाफ धरली असेल." सगळे हसले. मावशी तर भिंतीला टेकून हसल्या. (वहिनी, इथे तुम्हीही हसा, म्हणजे दादा हसतील.)

बाकी क्षेम. लहानांना आशीर्वाद.

आपला धाकटा
(तथा बुरशी)

ता. क. दादा, भिंग कोरडं होतं. मी पुसून पुन्हा पाहिलं. माणसाच्या डोळ्यातही त्या चुऱ्याचं भावंड असतं म्हणे, आणि ते घराण्यात बिघडलेलं येऊ शकतं. बाईंनी मला डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेऊन दिली आहे. बरं होईल असं कोणी म्हणत नाही. किती उरलंय आणि ते कसं जपायचं, तेवढं कळेल. तुमच्या डोळ्यांचा विषय मी आता काढत नाही. पण तिथे एकट्याने जायची मला भीती वाटते. तुम्ही मला घेऊन चला. लहानपणी शाळेत न्यायचात तसं, मनगट धरून.

आणखी ता. क. (वहिनी, ही दादांना आणण्याची युक्ती आहे की खरंच आहे, असं ते तुम्हाला खोदून विचारतील. खरं आहे म्हणून सांगा. तुम्ही मात्र युक्तीच समजा, म्हणजे तुम्हाला झोप लागेल.)